गंधार नसलेली कॉर्ड

पेटी किंवा कीबोर्ड समोर घ्या. पांढरी पाच, पांढरी सात आणि त्यांच्या वरच्या सप्तकातली पांढरी दोन व पांढरी चार एकदम दाबा. पाश्चात्त्य नावांनी जी, बी, डी, एफ. ही जी सेव्हन. ऐकताक्षणी कळतं की हे इथे थांबणारं नाही. याला सी मेजरवर जाऊन टेकायचं आहे. आता बाकीची तीन बोटं जागेवरच ठेवा आणि फक्त पांढरी सातवरचं बोट शेजारच्या पांढरी एकवर सरकवा. जी, सी, डी, एफ. फरक एकाच पट्टीचा, पण मघाची ओढ गेली. ताण अजून आहे, मात्र तो कुठल्या एका दिशेला खेचत नाही. ही जी सेव्हन सस फोर.

गाण्याच्या कागदावर हे नाव दिसलं की बहुतेक वादकांची चार बोटं बरोबर पडतात. तिची इन्व्हर्जन्स, म्हणजे तेच सूर पण तळाला वेगळा सूर अशा मांडण्या, वाजवायची वेळ आली की मात्र गोंधळ होतो, आणि तो बोटांचा गोंधळ नसतो. साध्या कॉर्डचा तळाचा सूर बदलला तरी ती कॉर्ड तीच राहते. हिचं तसं नाही. हिच्यातला जो सूर तळाला जाईल तो ‘आता मीच षड्ज’ असा हक्क सांगायला लागतो, आणि त्याचा हक्क खोटाही नसतो. हे का होतं ते सावकाश, पट्टी-पट्टीनं पाहू.

आधी ओढ गेली कुठे ते शोधलं पाहिजे. सी हा षड्ज धरला तर जी सेव्हनमध्ये पंचम, निषाद, रिषभ आणि मध्यम असे चार सूर आहेत. सगळी घाई करते ती त्यातली निषाद-मध्यमाची जोडी. दोघांत सहा अर्ध्या स्वरांचं अंतर आहे, म्हणजे बरोबर अर्धं सप्तक, आणि हे अंतर कानाला टोचतं. शुद्ध निषाद वर षड्जाला चिकटायला बघतो, मध्यम खाली गंधारावर उतरायला बघतो. दोघं अर्धा-अर्धा स्वर सरकले की सी आणि ई हातात येतात, आणि सी मेजरचा गाभा तोच. युरोपातल्या गेल्या तीनशेहून अधिक वर्षांच्या संगीताचा केवढा तरी डोलारा या एका सरकण्यावर उभा आहे.

सस फोर करताना आपण निषाद काढला आणि त्या जागी खुद्द षड्ज आणून बसवला. जिथे जायचं तो सूर आधीच हजर झाला आणि टोचणारी जोडीही मोडली. चार सुरांच्या सहा जोड्या होतात. त्या एकेक करून वाजवून बघा. जी-सी, जी-डी आणि सी-एफ या तीन जोड्या षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम भावाच्या आहेत. सी-डी आणि एफ-जी यांच्यात एका पूर्ण स्वराचं अंतर. उरलेली डी-एफ तीन अर्ध्या स्वरांची. अर्ध्या स्वराची रगड यात कुठेच नाही, सहा अर्ध्या स्वरांची टोच कुठेच नाही, आणि मेजर कॉर्डला उजळपणा देणारं चार अर्ध्या स्वरांचं अंतरही कुठेच नाही.

हीच गोष्ट जी हा षड्ज धरून मोजा. जी सेव्हन म्हणजे सा, ग, प आणि कोमल नि. जी सेव्हन सस फोर म्हणजे सा, म, प आणि कोमल नि. गंधार गेला, मध्यम आला. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधार ठरवतो: शुद्ध असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. तोच नसल्यामुळे ही कॉर्ड हसरीही नाही आणि खिन्नही नाही. काही जणांना ती अपुरी वाटते. मला ती तशी कधीच वाटलेली नाही, मोकळी वाटते.

पेटीवर ती इतर कॉर्डपेक्षा स्वच्छ का वाजते, याला गणिती कारण आहे. सप्तकाचे १२०० सेंट मानतात आणि समान अंतरांवर लावलेल्या पेटीत प्रत्येक पट्टी १०० सेंटांवर असते. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटांचा. पेटीचा गंधार ४००चा. चौदा सेंट चढा. तंबोऱ्याशेजारी पेटीचा गंधार लक्ष देऊन ऐकलेल्या प्रत्येकाला हा फरक कानानं माहीत आहे. मध्यमाचं प्रमाण ४:३, सुमारे ४९८ सेंट, आणि पेटीवर ५००; पंचम सुमारे ७०२ आणि पेटीवर ७००. इथे फरक फक्त दोन-दोन सेंटांचा. मध्यमाचाही मध्यम घेतला की १६:९ प्रमाणाचा कोमल निषाद मिळतो, ९९६ सेंटांचा. पेटीवर तो १०००वर, म्हणजे चार सेंट पुढे. सस फोरचे चारही सूर असे मध्यम-पंचमाच्या नात्यातून तयार होतात, आणि समान अंतरांची पेटी नेमकी तीच नाती जवळजवळ शुद्ध राखते. चुकतो तो गंधार, आणि तो या कॉर्डमध्ये नाहीच.

ही कॉर्ड आली ती कॉर्ड म्हणून आली नाही. सोळाव्या शतकात, पॅलेस्ट्रीनाच्या काळातल्या चर्चसंगीतात चार-पाच गायकांच्या ओळी एकमेकींवरून जात, आणि त्यात एक युक्ती फार जपून वापरली जाई. एका गायकानं एक सूर घ्यायचा, तो त्या वेळी बाकीच्यांशी जुळलेला असायचा. मग बाकीचे पुढच्या सुरावर जायचे आणि हा तिथेच थांबायचा. जोरकस मात्रेवर त्याचा सूर बाकीच्यांशी खटकायचा. मग तो एक पायरी खाली उतरायचा आणि सगळं पुन्हा जुळायचं. आधी जुळवून घेणं, मग अडकून राहणं, शेवटी खाली उतरणं, हा क्रम सक्तीचा होता. व्हिएन्नातल्या योहान योझेफ फुक्सनं १७२५ साली छापलेल्या ‘ग्रॅडस अ‍ॅड पारनासम’ या ग्रंथात त्याचे धडेच घालून दिले. तो ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून लिहिलेला आहे आणि त्यातला गुरू म्हणजे पॅलेस्ट्रीना. हायडनसारखा संगीतकार पुढे त्याच पुस्तकावरून शिकला.

ही युक्ती हातानं कळते. एफ-ए-सी वाजवा. सीवरचं बोट न उचलता बाकीची दोन हलवून जी-सी-डी करा. सी आता अडकला, म्हणजे सस्पेंड झाला, आणि ‘सस’ हे नाव त्यावरूनच: मघाशी तो एफचा पंचम होता, आता जीवर तो मध्यम झाला. तो बीवर उतरवा, जी-बी-डी. मग सी-ई-जी. या चार पावलांमधलं दुसरं पाऊल पुन्हापुन्हा ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच एका पावलाची आहे. शेकडो वर्षं ते पाऊल वाटेवरचं होतं, त्यावर कुणी थांबत नसे. त्यात सातवा सूर, म्हणजे एफ, मिसळला की जी सेव्हन सस फोर तयार होते. विसाव्या शतकात संगीतकार त्या पावलावरच थांबायला लागले, तेव्हा ती स्वतंत्र कॉर्ड झाली.

नावांबद्दल थोडक्यात. कागदावर नुसतं ‘जी सेव्हन सस’ लिहिलेलं असेल तर फोर धरायचा. ‘सेव्हन सस टू’ ही वेगळी कॉर्ड: गंधाराच्या जागी रिषभ, म्हणजे जी-ए-डी-एफ. तिच्यात डी मायनरचे तिन्ही सूर आहेत, त्यामुळे तिचा रंग गंभीर लागतो. सस फोरमध्ये वरचा रिषभ, म्हणजे ए, मिसळला की ती ‘नाइन सस फोर’ होते. ‘जीवर एफ मेजर’ असं लिहिलेलं दिसलं की तोच रंग हवा आहे असं समजा. ‘जीवर डी मायनर सेव्हन’ म्हणजे तर हुबेहूब नाइन सस फोर. ‘जी इलेव्हन’ लिहिलं असेल तर नियमानं त्यात बी सुद्धा येतो, पण बी आणि सी एकमेकांना रगडतात म्हणून वादक बी गाळतात आणि वाजते तीच ही कॉर्ड.

आता इन्व्हर्जन्स. सी मेजरपासून सुरू करू. सी-ई-जी, मग ई-जी-सी, मग जी-सी-ई. तिन्ही वेळा ती सी मेजरच आहे हे लहान मूलही ओळखतं. कारण तिन्ही अंतरं वेगवेगळ्या जातीची आहेत आणि त्यात सी-जी हा एकच पंचम आहे. तो सीकडेच बोट दाखवतो. तळाला ई ठेवला तरी कान सीला शोधून काढतो.

हीच कृती आता जी-सी-डी या साध्या सस फोरवर करा. पहिलं इन्व्हर्जन सी-डी-जी. पण सी-डी-जी म्हणजे सा, रे, प, म्हणजे सी सस टू. दुसरं इन्व्हर्जन डी-जी-सी: डीपासून मध्यम, आणि त्या मध्यमाचा पुन्हा मध्यम. तीन सूर तेच राहिले, आणि एकदा सस फोर, एकदा सस टू, एकदा मध्यमांची उतरंड असे तीन प्रकार झाले. एकाच कॉर्डमध्ये जी-डी आणि सी-जी असे दोन पंचम आहेत, आणि दोन पंचम दोन वेगळ्या षड्जांकडे बोट दाखवतात. मघाशी म्हटलेल्या हक्काच्या भांडणाचं मूळ हे आहे.

चौथा सूर एफ आला की पंचम तीन होतात: एफ-सी, सी-जी, जी-डी. म्हणजे दावेदार तीन. चारही मांडण्या एकेक करून पाहू. प्रत्येक मांडणीत लगतच्या सुरांमधले अर्धे स्वर मोजत चला.

मूळ मांडणी जी-सी-डी-एफ. अंतरं पाच, दोन, तीन. खाली मोकळी जागा आणि वर तीन सूर जवळजवळ, त्यामुळे जी ठाम वाटतो. डाव्या हातानं खर्जातही ही मांडणी फारशी गढूळ होत नाही.

पहिलं इन्व्हर्जन सी-डी-एफ-जी. अंतरं दोन, तीन, दोन. सगळे सूर एका पंचमाच्या आत कोंबलेले. ही मांडणी खालून वर आणि वरून खाली सारखीच मोजली जाते. सीवरून पाहिलं तर सा, रे, म, प. साध्या कॉर्डच्या पहिल्या इन्व्हर्जनमध्ये तळाला गंधार असतो. इथे तळाला अडकलेला मध्यम स्वतः येतो, आणि तळाला आला की तो अडकलेला वाटतच नाही. बास सीवर स्थिर असेल तर हिला जी सेव्हन सस फोरचं इन्व्हर्जन म्हणण्यापेक्षा सीवरची गंधार नसलेली कॉर्ड म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

दुसरं इन्व्हर्जन डी-एफ-जी-सी. अंतरं तीन, दोन, पाच. म्हणजे मूळ मांडणीचा आरसा. मूळ मांडणीत मोकळी जागा तळाला होती, इथे ती वर गेली. डी-एफ हे तीन अर्ध्या स्वरांचं अंतर तळाला आल्यामुळे कोमल गंधाराचा भास होतो. डीवरून सा, कोमल ग, म, कोमल नि. पंचम नसलेली डी मायनर सेव्हन, मध्यम घातलेली. चारही मांडण्यांत खिन्न रंग सर्वांत जास्त हिच्यात येतो.

तिसरं इन्व्हर्जन एफ-जी-सी-डी. अंतरं दोन, पाच, दोन. पुन्हा दोन्हीकडून सारखीच. एफवरून सा, रे, प, ध. यात तळाचा एफ निवांत बसलेला वाटतो, जी सेव्हनच्या तिसऱ्या इन्व्हर्जनमध्ये जसा तो खाली ढकलला जातो तसा इथे जात नाही. कारण बीच नाही, टोच नाही.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण वाद्यवृंदात बसणारे वादकही ती गल्लत करतात. इन्व्हर्जन ठरतं ते एकूण मेळात सर्वांत खाली कोणता सूर वाजतोय यावर. कीबोर्डवाला उजव्या हातानं डी-एफ-जी-सी वाजवत असेल आणि बास गिटार जी धरून असेल, तर ऐकणाऱ्याला मिळते ती मूळ मांडणीच; उजव्या हातानं केली ती फक्त वरच्या सुरांची रचना. त्याच वेळी बासवाल्यानं जी सोडून डी धरला तर उजव्या हातातलं काहीही न बदलता दुसरं इन्व्हर्जन झालं. इतर कॉर्डमध्ये बासच्या अशा बदलानं रंग थोडा पालटतो. सस फोरमध्ये कॉर्डचं नावच पालटू शकतं. म्हणून या कॉर्डवर आलं की आधी बासवाल्याकडे कान ठेवायचा. एकटं वाजवत असाल तर डाव्या हाताची करंगळी हीच बास, ती कुठे आहे याचं भान उजव्या हातापेक्षा जास्त हवं.

आता सूर जवळजवळ न ठेवता फाकवून पाहा. डी तळाला ठेवा, त्यावर जी, त्यावर सी, त्यावर एफ. प्रत्येक पाऊल बरोबर मध्यमाचं. उलट, एफ तळाला, मग सी, मग जी, मग डी ठेवला तर प्रत्येक पाऊल पंचमाचं. म्हणजे दुसरं इन्व्हर्जन फाकवलं की मध्यमांची रांग मिळते आणि तिसरं फाकवलं की पंचमांची. मध्यम किंवा पंचम इतक्या सरळ रांगेत मेजर, मायनर, सेव्हन्थ यांपैकी कुठल्याच कॉर्डमध्ये लागत नाहीत.

या दोन्ही रांगा मोकळ्या तारांवर तयार सापडतात. गिटारच्या चार जाड तारा न दाबता छेडा: ई, ए, डी, जी. बास गिटारच्या चार ताराही याच. पाश्चात्त्य पद्धतीनं लावलेल्या व्हायोलिनच्या चार तारा: जी, डी, ए, ई. दोन्हीकडे सूर तेच चार आहेत, आणि ते चार म्हणजे ए सेव्हन सस फोर. गिटारवर तळाला तिचा पंचम आहे, व्हायोलिनवर तळाला तिचा कोमल निषाद. गिटार म्हणजे दुसरं इन्व्हर्जन आणि व्हायोलिन म्हणजे तिसरं! गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात आलेली पिढी, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक-संयोजक, व्हायोलिन असंच लावत. रेकॉर्डिंगच्या आधी वीसेक व्हायोलिनवाले मोकळ्या तारा जुळवत असताना स्टुडिओ भरून जायचा तो याच चार सुरांनी. हिंदुस्थानी गाण्याच्या साथीला व्हायोलिन षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावतात, म्हणून तिथे हा मेळ ऐकू येत नाही.

जॅझवाल्यांनी या रांगेचं सोनं केलं. माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधली ‘सो व्हॉट’ ही रचना घ्या. बास एक वाक्य बोलतो आणि बिल एव्हान्सचा पियानो त्याला दोन कॉर्डमध्ये उत्तर देतो. पहिली कॉर्ड खालून वर ई-ए-डी-जी-बी, म्हणजे गिटारच्या त्याच चार मोकळ्या तारा आणि वर पाचवी. दुसरी तिच्या एक पायरी खाली: डी-जी-सी-एफ-ए. ही दुसरी म्हणजे आपली जी नाइन सस फोर, तळाला डी असलेली, मध्यमांच्या रांगेत फाकवलेली. पाच वर्षांनी, १९६४ साली बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ची सुरुवातीची प्रसिद्ध झणत्कारी कॉर्ड आली. जॉर्ज हॅरिसननं नंतर सांगितलं की बारा तारांच्या गिटारवर तो एफ मेजर वाजवत होता, वर जी घेऊन. त्याखाली पॉल मॅकार्टनीच्या बासवरचा डी धरला तर सूर होतात डी, एफ, ए, सी, जी. सूर तेच पाच आणि तळही तोच. एवढं असूनही एक ऐकून दुसरीची आठवण कुणाला होत नाही, कारण सूर कोणत्या उंचीवर आणि किती अंतरानं मांडलेत हे वेगळं आहे. त्या बीटल्सच्या कॉर्डला नाव काय द्यायचं यावर लोक अजून भांडतात. मला वाटतं भांडणाचं कारण या कॉर्डच्या स्वभावातच आहे: तिच्यात जी, डी आणि एफ तिघांनाही षड्ज मानता येतं.

सस फोरला वाट न समजता मुक्काम कसा करायचा हे ऐकायचं असेल तर हर्बी हॅनकॉकची १९६५ची ‘मेडन व्हॉयेज’ ऐका. बत्तीस मात्राखंडांची रचना आणि कॉर्ड चार. डीवरची सस चार खंड, मग एफवरची सस चार खंड. मधल्या भागात ई फ्लॅटवरची सस आणि शेवटी डी फ्लॅटवरची कॉर्ड, जी बहुतेक कागदांवर मायनर म्हणून लिहिलेली सापडते. पहिल्या कॉर्डमध्ये रॉन कार्टरचा बास डीवर आणि वर पियानोत ए मायनर सेव्हनचे सूर. चार खंड तो मेळ नुसता हेलकावत राहतो. तो कुठेही उतरत नाही. त्यातला मध्यम गंधारावर येत नाही. मग सगळा मेळच तीन अर्धे स्वर वर उचलून एफवर ठेवला जातो. फुक्सच्या धड्यातली तिसरी पायरी इथे गळून पडली आहे आणि तिची उणीव जाणवत नाही.

तळ बदलला की कॉर्डच पालटते ही गोष्ट आपल्या कानांना मूर्च्छनेच्या वाटेनं आणखी लवकर कळेल. पेटीच्या पाच काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीनला षड्ज मानून त्यांवरून फिरलं तर भूपाचे सूर. काळी चारला षड्ज मानलं तर मधमाद सारंगाचे. काळी पाचवरून मालकंस, काळी एकवरून दुर्गा, काळी दोनवरून धानी. हे गाणाऱ्यांना नवीन नाही. आता याच पाचही पट्ट्या एकदम दाबा, तळाला काळी चार ठेवून. ही जी शार्प नाइन सस फोर. काळी पाच सोडून दिली की उरते जी शार्प सेव्हन सस फोर. म्हणजे मूर्च्छनेत आपण एकामागून एक सूर लावत षड्ज बदलतो, आणि या कॉर्डच्या इन्व्हर्जनमध्ये तेच सूर एकत्र वाजवत तळ बदलतो. राग नुसत्या सुरांनी होत नाही, त्याला चलन लागतं, हे खरंच. पण तळ बदलला की त्याच सुरांचा भाव का बदलतो, याचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

याचा साथीत थेट उपयोग होतो. सारंगाच्या अंगाच्या चालीखाली षड्जावर मेजर कॉर्ड वाजवली की वर्ज्य गंधार पेटीतून आत शिरतो आणि चालीचा रंगच उतरतो. तिथे षड्जावरची सेव्हन सस फोर वाजवा: सा, म, प, कोमल नि. चारही सूर मधमाद सारंगातले. मालकंसाची अडचण वेगळी. त्यात पंचम नाही, म्हणून षड्जावर साधी मेजर किंवा मायनर बसतच नाही. तिथे मध्यमावरची सेव्हन सस फोर घ्या: म, नि, सा, ग. किंवा निषादावरची: नि, ग, म, ध. दोन्हींत रागाबाहेरचा एकही सूर नाही. पहिलीत षड्ज आहे, म्हणून ओळ टेकते तिथे ती, आणि ओळ फिरत असते तिथे दुसरी, असा माझा कल असतो. ख्यालाखाली कॉर्ड वाजवू नयेत असं माझं मत आहे. भावगीत, अभंग, नाट्यगीताची नवी मांडणी यात मात्र या कॉर्डनं रागाला धक्का न लावता भरीवपणा येतो.

राहिला प्रश्न सस सोडवायची असेल तर प्रत्येक इन्व्हर्जनमध्ये कुठे पाहायचं याचा. पुन्हा पांढऱ्या पट्ट्यांवर या. नियम एकच: सी कुठे आहे ते शोधा, तो बीवर उतरणार. मूळ मांडणीत तो खालून दुसरा आहे, आत दडलेला, त्यामुळे उतरणं हळुवार होतं. दुसऱ्या इन्व्हर्जनमध्ये तो सर्वांत वर आहे. तिथे ते उतरणं चालीसारखं ऐकू येतं, म्हणून गाण्याच्या ओळी संपल्यावरच्या रिकाम्या जागेत ते शोभतं, ओळीच्या मध्ये नाही. पहिल्या इन्व्हर्जनमध्ये तो तळाला आहे, म्हणजे बासच सीवरून बीवर जाऊन पुन्हा सीवर येतो. हे तीन सूर बासवाल्याशी ठरवूनच करा. तिसऱ्यात सी मधे उतरतो आणि पाठोपाठ तळाचा एफ ईवर, त्यामुळे शेवटची सी मेजर ई तळाला घेऊन येते. ती थोडी अधांतरी वाटते, शेवटच्या ओळीला ती नको. दोन कडव्यांच्या सांध्याला चांगली.

आणि सोडवायची वेळ गाणाऱ्याकडून घ्यायची. गायिका सीवर सूर धरून उभी असेल तोवर बी वाजवू नका, ते दोन सूर अर्ध्या स्वरानं एकमेकांना रगडतील आणि दोष तिच्या सुराला लागेल. ती बीवर आली तर तिच्याबरोबर उतरा. ती सीवरून थेट ईकडे गेली तर बीची गरजच उरली नाही: जी आणि सी जागेवर ठेवा, एफवरचं बोट ईवर घ्या आणि डी सोडून द्या.